हाकेची म्हैस

शाळेत मला पहिला सणसणीत मार बसला तो ‘आज्ञाधारक’ या शब्दापायी. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, आणि आता कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं नाही याची कोल्हापुरात कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालायची. आमच्या मास्तरांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले, अर्थ सांगा आणि वाक्यात उपयोग करा म्हणाले, आणि वेताची छडी टेबलावर आडवी ठेवून बसले. बाकीच्या मुली ‘मी आज्ञाधारक मुलगी आहे’ असं लिहून मोकळ्या झाल्या. मी पाटीवर लिहिलं, ‘आमची म्हैस आज्ञाधारक आहे. ती आईचे ऐकते, आबांचे ऐकत नाही.’

मास्तरांनी ते वर्गाला वाचून दाखवलं. मुली खिदळल्या. मास्तर म्हणाले, जनावराला आज्ञाधारक म्हणत नाहीत, आणि जो एकाचं ऐकतो नि दुसऱ्याचं नाही त्याला तर मुळीच म्हणत नाहीत; आज्ञाधारक म्हणजे वडीलधाऱ्या सगळ्यांचं ऐकणारा. मी म्हटलं, "गुर्जी, सगळ्यांचं एकदम कोण ऐकंल? चौघांनी चार बाजूंनी हाका मारल्या तर म्हशीनं काय फाटून जायचं व्हय?" मग छडी बसली. हातावर, पोटऱ्यांवर, आणि हात मागं घेतला म्हणून पाठीवर. घरी येऊन शेणाची पाटी उचलताना तळहात चरचरले, पण आपलं वाक्य चुकलंय असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पुढं मी स्वतःच शिक्षिका झाले. रजेच्या अर्जाखाली मुली ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ असं लिहून आणायच्या. मी त्यातला आज्ञाधारक खोडून नुसतं नाव ठेवायचे. मुख्याध्यापिकाबाई विचारायच्या, "तुमचं त्या शब्दाशी काय वाकडं आहे?" मी हसून टाळायचे. शाळेच्या ऑफिसात उभ्याउभ्या सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

आम्ही गवळी. शनिवार पेठेतलं आमचं घर म्हणजे पुढं सोपा, मधे चूल आणि मागं परसात गोठा. माणसांपेक्षा म्हशींनाच जागा जास्त. सकाळ-संध्याकाळ आबा म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर न्यायचे आणि गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचे. तालमीतली पोरं घाम पुसत यायची आणि फेसाळ दूध उभ्यानंच घटाघटा प्यायची. तिथं म्हैस शांत लागते. माणसं अंगाला खेटून उभी असताना जी लाथ झाडते किंवा शिंग हलवते ती मारकी, आणि मारकी म्हैस गवळ्याच्या दावणीला राहत नसते. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं.

आबा अंगानं दांडगे, तरुणपणी लाल मातीत लोळलेले. त्यांचा आवडता शब्द होता ‘हुकमी’. बायको हुकमी पाहिजे, पोरगी हुकमी पाहिजे, म्हैस तर पाहिजेच पाहिजे. एखादा पैलवान आपल्या हुकमी डावाबद्दल बोलतो तशा कौतुकानं ते हा शब्द वापरायचे, आणि त्यांनी तो उच्चारला की आई नकळत भिंतीकडं सरकायची. हुकमी करायची त्यांची रीत एकच होती. म्हशीला काठी, आईला दाव्याचा पीळ आणि मला हाताला येईल ते. भाकरी करपली की पीळ, पेंड भिजवायला उशीर झाला की पीळ, आणि काहीच झालं नाही तर "लई गप बसलीयास, मनात काय शिजतंय?" म्हणून पीळ. पेठेत याचं कुणाला नवल नव्हतं. शेजारच्या मावशी आईच्या पाठीला हळद-तेल लावताना म्हणायच्या, "बाप्याचा हात हाय बाई, पडायचाच." मला त्या मावशींचाही राग यायचा. तेल मात्र त्याच लावायच्या, दुसरं कुणी येत नव्हतं.

आईचा शब्द वेगळा. ती म्हणायची ‘हाकेची’. हुकमी जनावर काठीकडं बघतं, हाकेचं जनावर तोंडाकडं बघतं, असं तिनं मला एकदा धार काढता काढता सांगितलं होतं. जिच्यावरून मी छडी खाल्ली ती आईची हाकेची म्हैस. तिला जन्म देऊन तिची आई गोठ्यातच मेली. आबा म्हणाले, "जगत न्हाय ते, टाकून द्या." आईनं ते रेडकू मांडीवर घेतलं, दुधात चिंधी बुडवून त्याला चोखवली, थंडीत आपलं जुनं लुगडं पांघरलं. तिला वेगळं नाव ठेवलं नाही. मला म्हणायची तसंच तिलाही ‘बाय’ म्हणायची, आणि खरं सांगते, कधीकधी मला तिचा हेवा वाटायचा.

परसाच्या टोकाला उभी राहून आई लांब हाक मारायची, "ये गं बाऽऽय!" आणि पारडी कान टवकारून सरळ तिच्या पोटाशी यायची. मोठी होत गेली तशी आईनं वाटेत बाज आडवी टाकली, कडब्याच्या पेंढ्या रचल्या, मला मधे उभं करून पत्र्याचा डबा बडवायला लावला. म्हैस बाज उलथवून यायची, पेंढ्या तुडवून यायची. मी वेळेवर उडी मारून बाजूला झाले नसते तर मलाही तुडवलं असतं. हा काही खेळ नव्हता. पाडव्याला पळवायची म्हैस अशीच तयार करावी लागते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्यात म्हशी पळवतात. शिंगं घासून रंगवायची, अंग तेलानं चोपडायचं, गळ्यात कवड्यांची माळ आणि शिंगांना मोरपिसं. मालक पुढं पळत हाक देतो आणि त्याची म्हैस गर्दीतून, हलगीच्या कडकडाटातून, फटाक्यांतून, दोरीबिरी काही न लावता त्याच्या मागं धावते. मधे काहीही येवो, तिनं थांबायचं नाही. कुणाची म्हैस किती ऐकते त्यावर त्या घराची वर्षभराची इज्जत ठरते. पळवायचा मान बाप्यांचा. बायकांनी ओट्यावरून बघायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही.

त्या वर्षी आबांनी ठरवलं, हीच म्हैस पळवायची. आई म्हणाली, "अवो, ती तुमच्या मागं याची न्हाय. दुसरी न्या." एवढंच म्हणाली. त्या एका वाक्याबद्दल आधी आईला मार बसला आणि मग दिवाळीपर्यंत रोज म्हशीला. आबा तिला रंकाळ्याकडच्या मोकळ्या माळावर न्यायचे, पुढं चालायचे, हाक मारायचे, आणि ती उभी राहिली की मागं फिरून काठी घालायचे. गुडघ्यावर, नाकपुडीवर, कानामागं. शेवटी ती त्यांच्या मागं चालायला लागली, पण मान खाली घालून, काठीच्या टोकाकडं बघत. आबा खूश झाले. "झाली की हुकमी!" ते सोप्यात बसून म्हणाले आणि चुलत्यांना पान दिलं.

पाडव्याच्या सकाळी आईनंच तिची शिंगं रंगवली. आबा दारात उभे होते. म्हणाले, "तितं तुजा आवाज ऐकू आला तर जीभ हासडीन. ही माज्या हाकंवर पळाय पायजे." आईनं मान हलवली.

पेठेतला रस्ता माणसांनी फुलला होता. आम्ही शेजारच्या ओट्यावर बायकांत उभ्या होतो. एकेक म्हैस मालकामागं धडधडत गेली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, गुलाल उडाला. मग आबा निघाले. फेट्याचा शेमला उडवत ते पुढं पळाले आणि त्यांनी दणदणीत हाक दिली. म्हैस थोडी धावली. आबांच्या हातात आज काठी नव्हती, आणि ते तिच्या लक्षात आलं असावं. ऐन मध्यावर, हलगीवाल्यांच्या पुढ्यात ती उभी राहिली. आबांनी पुन्हा हाक दिली. तिनं मान वळवली आणि ओट्याकडं, थेट आमच्याकडं बघितलं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अवो पैलवान, वैनीस्नी बोलवा की! त्यांचीच हाय ती!" सगळा रस्ता हसला. आईनं पदर तोंडात कोंबला होता आणि दातांनी घट्ट धरला होता. तिच्या गळ्याची शीर फुगलेली मला दिसत होती. एक हाक मारली असती तर म्हैस वाऱ्यासारखी सुटली असती. तिनं नाही मारली. नवऱ्यानं सांगितलं ते तिनं ऐकलं, आणि आपली म्हैस भर रस्त्यात फटाक्यांच्या धुरात तशीच उभी राहू दिली. आबांनी एकाच्या हातातली काठी हिसकावली आणि लोकांसमोर म्हशीला मारायला सुरुवात केली. एक रट्टा डोळ्यावर बसला. रंगवलेल्या शिंगाखालून रक्त आलं तेव्हा हसणारे गप्प झाले, पण पुढं होऊन कुणी काठी धरली नाही.

घरी आल्यावर काय होणार ते आईला माहीत होतं आणि मलाही. आबांनी परसाचं दार लावून घेतलं. म्हैस गोठ्यात आखूड दाव्यानं बांधली आणि गाडीची साखळी घेऊन तिच्यावर घातली. साखळीचा आवाज आधी खणखणीत येत होता, मग ओला येऊ लागला. आई मधे पडली. तेव्हा त्यांनी साखळी टाकली आणि दाव्याचा पीळ घेतला. "तूच शिकवलंस. माजी इज्जत घालवायला तूच हिला शिकवलंस!" प्रत्येक शब्दाला एक तडाखा. आई परसाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत फरफटत गेली आणि तिथं बसूनच राहिली. मी आबांच्या दंडाला चावले. त्यांनी मला झटकलं तशी मी चुलीच्या दारात जाऊन आपटले आणि ओठ फुटला.

चुलीत त्यांनी सळई घातली होती. म्हशीचं पोट फुगलं की डाग द्यायची ती सळई. मी पडले तिथून मला तिचं टोक लाल होताना दिसत होतं. आबा आले, फडक्यानं सळई धरून बाहेर काढली आणि म्हणाले, "एक डोळा गेलाच हाय, दुसऱ्यावर डाग देतो. मग बघू कुणाकडं बघती." हे ते ओरडून बोलले नाहीत, अगदी शांतपणे बोलले, आणि मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

गोठ्यात अंधार असायचा, म्हणून त्यांनी तिला उजेडात आणायला खुंट्यावरून सोडलं. एका हातात दावं, दुसऱ्या हातात सळई. म्हैस गोठ्याच्या तोंडाशी, तिच्यासमोर आबा, आबांच्या पाठीमागं म्हशींना पाणी पाजायची दगडी डोणी आणि डोणीच्या पलीकडं भिंतीशी आई. सगळे एका रेषेत. आई भिंतीला धरून उभी राहिली. तिनं डोक्यावरचा पदर मागं टाकला. तिचा चेहरा मी नीट बघत होते, त्यामुळं पुढं कुणी काही म्हणो, मला माहीत आहे की ती किंचाळली नव्हती आणि घाबरलीही नव्हती. तिनं रोजच्यासारखी, लांब, गोड हाक मारली.

"ये गं बाऽऽय!"

म्हैस आली. मधे काय आहे ते तिनं बघितलंच नाही, तिला तसंच शिकवलं होतं. आबांना वळायलाही सवड मिळाली नाही. ती त्यांना छातीवर घेऊन डोणीवर आदळली. खुबा मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेलं सरपण गुडघ्यावर मोडावं तसा तो आवाज होता. सळई पाण्यात पडून चर्रर्र झाली. आबांना तुडवून, डोणीला वळसा घालून म्हैस आईजवळ गेली आणि तिनं आपलं रक्ताळलेलं तोंड आईच्या पोटाला लावलं. आबा गुरासारखे ओरडत होते. आई तिच्या कानामागं खाजवत होती आणि म्हणत होती, "आलीस व्हय? आली गं माजी बाय." मला आनंद झाला. बाप जमिनीवर लोळत होता आणि माझ्या फुटक्या ओठांनी मी हसत होते. ते मी कधी लपवलं नाही.

ओरडणं ऐकून लोक दार तोडून आत आले. त्यांना दिसलं ते असं, गवळी पडलाय आणि रक्तानं माखलेली म्हैस मोकळी उभी आहे. आबांना दवाखान्यात नेलं. बऱ्याच दिवसांनी बाजेवर घालून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आता उठणं कठीण. बाज सोप्यात ठेवली. त्याच संध्याकाळी चुलते आणि भावकी येऊन बसली. प्रश्न एकच होता. म्हैस मारकी निघाली, आता तिचं काय करायचं?

जनावरांच्या बाजारातला म्हातारा दलाल, ज्याला आम्ही हेडी म्हणायचो, तोही आला होता. वर्षानुवर्षं आमच्या घरी येणारा मुसलमान माणूस, जनावराची पारख अशी की नुसता हात फिरवून वय सांगायचा. तो परसात जाऊन तिला बघून आला आणि म्हणाला, "दादा, ही मारकी न्हाय. मारक्याची नजर येगळी असती. चंदगडाकडं एक गिऱ्हाईक हाय माजं, रानातलं घर हाय. तितं ऱ्हाईल गप." आईनं दाराआडून ऐकलं आणि तिचा श्वास मोकळा झाला. मी तिच्या शेजारीच होते.

आबा बाजेवरून म्हणाले, "न्हाय. कापायची."

हेडी म्हणाला, "दुधाचं जनावर हाय."

"माणसावर चालून गेलेली म्हैस कुटल्याच दावणीला न्हाय उभारली पायजे. कापायची म्हंजे कापायची."

चुलते म्हणाले, दादाचं बरोबर आहे, मारकी ती मारकी. सगळ्यांनी माना डोलावल्या. ती आबांच्या अंगावर का आली, हे त्या घरात तीनच माणसांना माहीत होतं. तिला हाक आली होती आणि ती हाकेला आली होती, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर ती वाचली असती. मी आईकडं बघितलं. आई जमिनीकडं बघत होती. मग मीच सोप्यात गेले आणि ओरडले, "ती मारकी न्हाय! आईनं हाक मारलीती म्हणून ती आली!"

चुलत्यांनी हळूच मान वळवून आईकडं बघितलं. आई दाराआडून बाहेर आली आणि तिनं माझ्या थोबाडीत मारली. अशी मारली की कानात नुसता हूं असा आवाज राहिला. जन्मात तिनं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी आबांकडं वळले. ते आईकडं बघत होते आणि आई त्यांच्याकडं. त्यांना सगळं ठाऊक होतं, पाठीमागून आलेली हाक त्यांनी माझ्याइतकीच स्पष्ट ऐकली होती. पण बायकोनं म्हैस घातली अंगावर, हे पेठेत सांगत फिरणं त्यांना मोडलेल्या खुब्यापेक्षा जड गेलं असतं. ते चुलत्यांना म्हणाले, "पोरगी खुळी हाय. तिचं काय मनावर घेताय?" जन्मात एकदाच दोघांचं एकमत झालं, ते असं.

पुढं मोठी झाल्यावर मी आईला त्याचा जाब विचारला. ती म्हणाली, "मी बोललो असतो तर तुज्या चुलत्यांनी मला तितंच हिरीत ढकललं असतं. मग तुला कुणी सांभाळलं असतं? म्हशीनं?" उत्तर बिनतोड होतं. मला ते पटलं आणि आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडीनं नाइलाजानं दोन माणसं आणली. म्हैस गोठ्यातून हलेना. त्यांनी दावं ओढलं, शेपटी पिरगाळली, चुलत्यांनी काठ्या घातल्या. चारी पाय रोवून ती उभी राहिली, एक डोळा मिटलेला, दुसरा आईला शोधत. बराच वेळ हा दंगा चालला. मग सोप्यातून आबांचा आवाज आला, "उगं कशाला मारताय? तिला म्हणावं, म्होरं हो आणि हाक मार."

सगळे आईकडं बघायला लागले. मला वाटलं होतं, आई आता नाही म्हणेल. तिनं हात धुतले, पदर कमरेला खोचला, पेठेच्या बाजूचं दार उघडलं आणि रस्त्यात जाऊन उभी राहिली. मग तिनं हाक मारली. काठ्या मारणारे बाजूला झाले. म्हैस खाली मान घालून तिच्या मागं चालू लागली, वासरासारखी.

मी मागून गेले. मला कुणी अडवलं नाही. आई एकदाही मागं वळली नाही. थोडं गेलं की म्हैस रेंगाळायची, आई चालता चालता हाक द्यायची, ती पुन्हा चालायची. रस्त्यातली माणसं थांबून बघत होती. पाडव्याला जी पळाली नाही ती म्हैस भर पेठेतून, कुणी दावं न धरता, बाईच्या मागं जाताना त्यांनी बघितली. एकजण तर म्हणालाच, "लई गुणाची हाय की ओ!" त्याला दगड मारावा असं मला वाटलं.

गावाबाहेर पत्र्याची शेड होती. दाराशी जमीन ओली होती. म्हशीनं नाक वर करून वास घेतला आणि ती थांबली. तिच्या पायांना कापरं भरलं. हेडी म्हणाला, "वैनी, तुमी जावा आता, आमी बघतो." आई म्हणाली, "न्हाय. तुमी मारत न्याल." आणि ती स्वतः आत गेली. आतल्या अंधारातून हाक आली, परसातून यायची तशीच, गोड. म्हैस माझ्या अंगाला घासून आत गेली. त्यानंतर जे आवाज आले ते मी कान झाकूनही ऐकले. आई शेवटपर्यंत बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नुसतं दावं होतं. जनावर दिलं तरी दावं द्यायचं नसतं, अशी आमच्यात रीत आहे. घरी आल्यावर तिनं ते चुलीत घातलं आणि त्याच जाळावर आबांचा चहा ठेवला.

मग ती उरलेल्या म्हशींच्या धारा काढायला बसली. सोप्यातून आबांनी हाक मारली, "अगं ए!" एरवी पहिल्या हाकेला तिची ‘ओ’ जायची, उशीर झाला तर पीळ ठरलेला. आबांनी पुन्हा हाक मारली. चरवीत धार वाजत राहिली. मला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मी सांगितलं, "आबा बोलावत्यात." ती म्हणाली, "ऐकलं."

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले, बाजेवरच. आईनं त्यांचं सगळं केलं. भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं, पाठीला व्रण पडू दिले नाहीत. पण त्यांच्या हाकेला तिनं पुन्हा कधी ‘ओ’ दिली नाही. ते हाका मारत राहायचे आणि ती आपल्या वेळेला, आपलं काम संपवून यायची, न बोलता. आधी ते शिव्या द्यायचे, भिंतीवर तांब्या फेकून मारायचे. मग विनवायला लागले. शेवटच्या आजारात तर दिवसभर एकच चालायचं, "अगं ए... अगं ए..." आवाज पार बारीक झाला होता. आई बाजेपासून हाताच्या अंतरावर बसून तांदूळ निवडत होती. त्या माणसावर माझं प्रेम नव्हतं, तरी मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "आये, माणूस चाललाय. एकदा ओ दे की."

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"ओ दिली की जावं लागतंय," ती म्हणाली.